केशरोपणातील ग्राफ्टचे शीत-जतन : एक ऐतिहासिक चिकित्सा

१. प्रास्ताविक

ज्याला आज सर्वसामान्यपणे ‘हेअर ट्रान्सप्लांट’ म्हटले जाते ती केशरोपणाची शस्त्रक्रिया महाराष्ट्रातील मोठ्या शहरांपुरती राहिलेली नसून जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ लागली आहे. डोक्याच्या मागील भागातील, सहसा न गळणारे केस मुळासकट काढून टक्कल पडलेल्या भागात बसविणे असे या शस्त्रक्रियेचे थोडक्यात स्वरूप आहे. काढलेल्या केशमुळाभोवतीचा ऊतीचा बारीक तुकडा म्हणजे ‘ग्राफ्ट’. ग्राफ्ट काढला जाणे आणि तो नव्या जागी बसविला जाणे यांमध्ये काही मिनिटांपासून काही तासांपर्यंतचा काळ जातो. या काळात त्याला रक्तपुरवठा नसतो. तो एका छोट्या भांड्यात, द्रावणात बुडवून आणि बहुधा बर्फाच्या किंवा शीतपेटीच्या साह्याने थंड करून ठेवला जातो. प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय हा मधला काळ आणि त्या काळातील थंडावा हा आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने अशा तांत्रिक विषयाकडे का वळावे, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होईल. विज्ञानाच्या इतिहासात अनेक पद्धती एका क्षेत्रात सिद्ध होतात आणि दुसऱ्या क्षेत्रात केवळ साधर्म्याच्या बळावर स्वीकारल्या जातात. अशी उसनवारी पुष्कळदा उपयुक्त ठरते. मात्र मूळ क्षेत्रातील पुरावा नव्या क्षेत्रालाही लागू आहे, असे न तपासता गृहीत धरण्याची सवय तिच्यातूनच लागते. केशरोपणातील शीत-जतन हे या प्रक्रियेचे एक लहान पण बोलके उदाहरण आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) सुट्या ऊती थंड ठेवून जतन करण्याच्या कल्पनेचा विकास थोडक्यात मांडणे.
(२) ही कल्पना केशरोपणात कोणत्या गरजेतून आली, हे शोधणे.
(३) केशरोपणातील थंडाव्याच्या बाजूने दिला जाणारा पुरावा नेमके काय सिद्ध करतो, हे तपासणे.

शस्त्रक्रियेविषयी वैद्यकीय सल्ला देणे हा या लेखाचा हेतू नाही. प्रकाशित साहित्यातील पुराव्याची ऐतिहासिक चिकित्सा करणे, एवढीच त्याची व्याप्ती आहे.

३. जोडलेली कातडी आणि सुटी कातडी

ऊतींच्या रोपणाच्या इतिहासात पुण्याचे नाव मानाने घेतले जाते. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचे नाक टिपू सुलतानाच्या कैदेत असताना कापण्यात आले होते. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापासून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली. सुश्रुतसंहितेतही नासासंधानाचे वर्णन आहेच.

या शस्त्रक्रियेत कातडीचा एक देठ शरीराला जोडलेलाच राहत असे. त्या देठातून रक्तपुरवठा चालू राहत असल्यामुळे कातडी ‘जतन’ करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो प्रश्न निर्माण झाला तो कातडी पूर्णपणे सुटी करून दुसरीकडे लावण्याचे प्रयत्न सुरू झाल्यावर. इटलीतील जुझेप्पे बारोनिओ यांनी १८०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मेंढ्याच्या पाठीवरील कातडीचे तुकडे काढून दुसऱ्या बाजूस लावले होते. काही तुकडे लगेच, तर काही थोडा वेळ बाहेर ठेवून लावण्यात आले. तुकडा शरीराबाहेर किती वेळ जिवंत राहतो, हा प्रश्न या प्रयोगांत प्रथमच व्यवस्थितपणे विचारलेला दिसतो. माणसाच्या बाबतीत सुट्या कातडीचे रोपण व्यवहारात आणण्याचे श्रेय जाक-लुई रेव्हर्दँ यांना जाते. त्यांनी १८६९ साली पॅरिस येथे कातडीचे अगदी लहान तुकडे जखमेवर लावून ते जगतात, हे दाखवून दिले.

केसांच्या रोपणाचा आरंभही याच काळात शोधता येतो. योहान डिफेनबाख यांनी १८२२ साली जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे सादर केलेल्या प्रबंधात केस व पिसे यांच्या रोपणाचे प्रयोग नोंदविले होते. मात्र त्यातून उपचाराची पद्धती उभी राहिली नाही.

४. थंडाव्याची कल्पना

थंडीमुळे प्राण्याचे जीवन थांबवून ठेवता येईल, ही कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकात लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी मासे गोठवून ते पुन्हा जिवंत होतात का, हे पाहिले होते. मासे जगले नाहीत. याच हंटर यांनी कोंबड्याच्या तुऱ्यात दात बसविण्याचे प्रयोगही केले होते. रोपण आणि थंडावा हे दोन्ही विषय एकाच माणसाच्या हाती होते. परंतु त्यांची सांगड घालण्याचा विचार पुढे आला नाही. त्यासाठी आणखी शतकभर वाट पाहावी लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभी वेंट्शर यांनी शीत वातावरणात काही दिवस ठेवलेली माणसाची कातडी पुन्हा लावण्याचे प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १९०३ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतरचे ठळक नाव अॅलेक्सिस कॅरेल यांचे आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करणाऱ्या कॅरेल यांनी रक्तवाहिन्या गोठणबिंदूच्या किंचित वरच्या तापमानात ठेवून नंतर त्यांचे रोपण केले आणि १९१० साली धमन्यांच्या ‘सुप्त जीवना’विषयी निबंध लिहिला. ऊतींचे जतन व शस्त्रक्रियेतील त्याचा उपयोग यांविषयीचा त्यांचा लेख १९१२ साली प्रसिद्ध झाला. रक्तवाहिन्या सांधण्याच्या व रोपणाच्या कार्याबद्दल त्यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. ‘सुप्त जीवन’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. थंड ऊती मेलेली नसते आणि पूर्णपणे कार्यरतही नसते. तिचा व्यवहार मंदावलेला असतो, हा विचार त्यातून रूढ झाला.

१९३० च्या दशकात ओडेसा येथील व्लादिमीर फिलातोव्ह यांनी मृत व्यक्तींच्या डोळ्यांतील पारपटल २ ते ४ अंश सेल्सियस तापमानात जतन करून रोपणासाठी वापरले. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांच्या उपचारासाठी कातडीची मोठ्या प्रमाणावर गरज भासू लागली. जेरोम वेबस्टर यांचा शीतपेटीत ठेवलेल्या कातडीच्या रोपणावरील लेख १९४४ सालचा आहे. म्हणजेच केशरोपणाचा आधुनिक कालखंड सुरू होण्यापूर्वीच कातडी थंड ठेवण्याची पद्धत शल्यचिकित्सेला परिचित झाली होती.

या ठिकाणी ‘जतन’ या शब्दाच्या दोन अर्थांत भेद करणे आवश्यक आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. अशा पेढ्यांत ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली कातडी भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर तात्पुरते आवरण म्हणून उपयोगी पडते. ती कायमची जगावी, अशी अपेक्षा नसते. केशरोपणात मात्र प्रत्येक ग्राफ्टमधील पेशी जिवंत राहून पुढे अनेक वर्षे केस निर्माण करतील, अशी अपेक्षा असते. दोन्हीकडे ‘जतन’ हाच शब्द वापरला जात असला, तरी जतन कशाचे करायचे आहे हे भिन्न आहे.

५. अवयवांचे जतन आणि द्रावणांचा विकास

थंडाव्याचे शास्त्र खऱ्या अर्थाने विकसित झाले ते अवयवरोपणामुळे. १९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरी यांनी एकसारख्या जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण केले. मरी हे मूळचे प्लास्टिक सर्जन असून महायुद्धकाळात भाजलेल्या सैनिकांवर कातडीरोपण करतानाच त्यांना रोपणशास्त्राविषयी ओढ निर्माण झाली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. कातडीकडून अवयवाकडे झालेला हा प्रवास पुढे उलट दिशेनेही घडला.

मृत व्यक्तीचे मूत्रपिंड एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात न्यावयाचे, तर ते कित्येक तास टिकले पाहिजे. फोकर्ट बेल्झर यांनी १९६७ साली थंड द्रव यंत्राने सतत खेळता ठेवून कुत्र्याचे मूत्रपिंड ७२ तासांपर्यंत जतन केले. जेफ्री कॉलिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली यंत्राशिवाय, केवळ विशिष्ट द्रावणाने मूत्रपिंड धुऊन बर्फात ठेवले आणि ते ३० तास टिकविले. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि जेम्स साउथर्ड यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार केलेल्या द्रावणामुळे यकृताच्या जतनाचा कालावधीही पुष्कळ वाढला.

या द्रावणांमागील तत्त्व थोडक्यात असे आहे. तापमान दर १० अंशांनी उतरले की पेशीची चयापचय क्रिया साधारणतः निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक मंदावते. ४ अंशांच्या आसपास ती मूळच्या सुमारे दहा टक्क्यांवर येते. त्यामुळे प्राणवायू व अन्न नसतानाही पेशी अधिक काळ तग धरते. परंतु थंडीमुळे पेशीच्या आवरणावरील सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणाही मंद होते. परिणामी सोडियम व पाणी आत शिरून पेशी फुगते. हे टाळण्यासाठी कॉलिन्स यांच्या द्रावणात पेशीच्या अंतर्भागाप्रमाणे पोटॅशियमचे प्रमाण अधिक ठेवण्यात आले, तर विस्कॉन्सिनच्या द्रावणात पेशीच्या आत सहजी न शिरणारे लॅक्टोबायोनेट व रॅफिनोज यांसारखे घटक घालण्यात आले. म्हणजे थंडावा हा उपायही आहे आणि अपायाचे कारणही. द्रावण हे त्या अपायावरील उत्तर आहे. पेशीच्या अंतर्भागासारखी अशी द्रावणे थंड अवस्थेसाठीच तयार केलेली असतात. ती उबदार वातावरणात वापरल्यास हितावह ठरत नाहीत. थंडावा आणि द्रावण ही जोडी अशी परस्परावलंबी आहे.

साधे सलाइन म्हणजे ०.९ टक्के मिठाचे पाणी या दृष्टीने फारच साधे माध्यम आहे. त्यात पोटॅशियम, कॅल्शियम किंवा आम्लता सावरणारा घटक नसतो. केवळ मिठाचे पाणी जिवंत ऊतीला पुरेसे नसते, हे सिडनी रिंगर यांनी १८८२-८३ च्या सुमारासच दाखविले होते. लंडनच्या नळाचे पाणी वापरले असता बेडकाचे हृदय धडधडत राहते आणि शुद्ध पाणी वापरले असता थांबते, याचा उलगडा नळाच्या पाण्यातील कॅल्शियममुळे झाला. तरीही केशरोपणात सलाइन हेच दीर्घकाळ सर्वाधिक वापरले गेलेले माध्यम ठरले.

६. केशरोपण : संख्येतून निर्माण झालेला प्रश्न

जपानमधील शोजी ओकुडा यांनी १९३९ साली गोल पोकळ पात्याने केसांसह कातडीचे लहान तुकडे काढून भाजल्याच्या व्रणांवर लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. महायुद्धामुळे त्यांचे कार्य पाश्चात्त्य जगाला बराच काळ अज्ञात राहिले. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ पासून पुरुषांच्या टकलावर ही शस्त्रक्रिया केली व आपले निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध केले. रोपण केलेला केस नव्या जागेचा स्वभाव न घेता मूळ जागेचा स्वभाव टिकवितो, हे त्यांचे प्रतिपादन आधुनिक केशरोपणाचा पाया ठरले.

त्या काळातील ग्राफ्ट साधारणपणे ४ मिलिमीटर व्यासाचे असत आणि एकेका तुकड्यात पुष्कळ केस असत. एका बैठकीत काही डझन तुकडे बसविले जात. एवढे काम आटोपण्यास फार वेळ लागत नसल्यामुळे ग्राफ्टच्या जतनाचा प्रश्न तीव्र नव्हता. या पद्धतीचा दोष दिसण्यात होता. केसांचे ठिपकेवजा झुपके बाहुलीच्या डोक्यासारखे उठून दिसत.

तो दोष दूर करण्यासाठी ग्राफ्ट लहान होत गेले. जॉन हेडिंग्टन यांनी १९८४ साली डोक्याच्या त्वचेच्या सूक्ष्मरचनेचा अभ्यास करून केस एकेकटे नव्हे, तर एक ते चार केसांच्या नैसर्गिक पुंजक्यांत उगवतात, हे स्पष्ट केले. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील बॉबी लिमर यांनी १९८८ पासून सूक्ष्मदर्शकाखाली हे पुंजके वेगळे करण्यास सुरुवात केली आणि ही पद्धत १९९४ साली प्रसिद्ध केली. रॉबर्ट बर्नस्टाइन व विल्यम रासमन यांनी १९९५ साली नैसर्गिक पुंजक्यांच्याच रोपणाचा आग्रह धरला. २००२ साली याच दोघांनी पुंजके एकेक करून थेट त्वचेतून काढण्याच्या पद्धतीवर लिहिले.

या बदलामुळे केशरोपण दिसायला नैसर्गिक झाले, पण त्याचे अर्थकारणच पालटले. पूर्वीच्या काही डझन तुकड्यांच्या जागी आता एका बैठकीत दोन-दोन, तीन-तीन हजार ग्राफ्ट आले. ते काढणे, स्वच्छ करणे, मोजणे आणि बसविणे यांसाठी संपूर्ण दिवस लागू लागला. सकाळी काढलेला ग्राफ्ट दुपारी किंवा सायंकाळी बसविला जाऊ लागला. म्हणजेच केशरोपणाने थंडाव्याची मागणी केली ती ग्राफ्टच्या संख्येमुळे आणि संख्येने लांबविलेल्या वेळेमुळे. सौंदर्याच्या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना जतनाचा नवा प्रश्न उभा राहिला, असे म्हणता येईल.

या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येण्यासाठी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. रोपण केलेल्या ग्राफ्टमधील केस पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतो. नवा केस साधारणतः तीन-चार महिन्यांनी दिसू लागतो आणि अंतिम परिणाम कळण्यास वर्षभर लागते. भांड्यात मृत झालेला ग्राफ्ट आणि जिवंत ग्राफ्ट बसविताना सारखेच दिसतात. हानी झाली असल्यास रुग्णाला ती वर्षाने कळते. तोवर ती कोणत्या टप्प्यावर झाली, हे सांगणे कोणालाही शक्य नसते. डोक्याच्या मागील केसांचा साठा मर्यादित असल्यामुळे वाया गेलेला ग्राफ्ट परत मिळत नाही.

७. लिमर यांचे आकडे : वेळेचा पुरावा की थंडाव्याचा?

ग्राफ्ट शरीराबाहेर किती काळ टिकतो, याविषयी सर्वाधिक उद्धृत होणारी आकडेवारी लिमर यांचीच आहे. ती १९९६ साली एका ग्रंथातील प्रकरणात प्रसिद्ध झाली. थंड सलाइनमध्ये ठेवलेल्या ग्राफ्टपैकी २ तासांनी बसविलेले ९५ टक्के, ४ तासांनी ९०, ६ तासांनी ८६, ८ तासांनी ८८, २४ तासांनी ७९ आणि ४८ तासांनी ५४ टक्के जगले, असे त्यात नोंदविले आहे. यावरूनच ‘पहिल्या काही तासांत तासाला सुमारे एक टक्का हानी’ हा ठोकताळा रूढ झाला.

हे आकडे बारकाईने पाहिल्यास तीन गोष्टी नजरेस येतात. पहिली अशी की, ६ तासांपेक्षा ८ तासांचा आकडा किंचित जास्त आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ ठेवल्याने ग्राफ्ट सुधारत नाहीत. तेव्हा एक-दोन टक्क्यांच्या फरकावर फार भिस्त ठेवता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट अशी की, २ तासांनीही ५ टक्के ग्राफ्ट जगलेले नाहीत. काढताना व बसविताना होणारी इजा जतनाच्या हानीत मिसळलेली असणार. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. यातील सर्व ग्राफ्ट थंडच ठेवलेले होते. उबदार ठेवलेल्या ग्राफ्टचा तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. म्हणून हा अभ्यास वेळेचा परिणाम दाखवितो. थंडाव्याचा परिणाम तो दाखवू शकत नाही. असे असूनही थंडाव्याच्या समर्थनार्थ हेच आकडे पुढे केले जातात. पुराव्याचा रोख एकीकडे आणि निष्कर्षाचा रोख दुसरीकडे, असा हा प्रकार आहे.

थंडाव्याचा परिणाम स्वतंत्रपणे तपासण्याचे काम इटलीतील रापोझिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही ग्राफ्ट खोलीच्या तापमानात, तर काही गोठणबिंदूच्या जवळ थंड करून ५ तास सलाइनमध्ये ठेवले. दोन्ही गटांच्या जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट, मायकेल बीनर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या, ९६ तासांपर्यंत चाललेल्या अभ्यासात सलाइनपेक्षा थंड जतनासाठीच बनविलेले हायपोथर्मोसोल हे द्रावण, त्यात ऊर्जाघटक एटीपी मिसळून, दीर्घ कालावधीत सरस ठरले. वरवर पाहता परस्परविरोधी वाटणारे हे दोन निष्कर्ष प्रत्यक्षात एकमेकांना पूरक आहेत. काही तासांच्या मर्यादेत थंडाव्याचा लाभ मोजण्याइतका मोठा दिसत नाही. कालावधी दिवसांत मोजू लागल्यावर मात्र जतनाच्या पद्धतीचा फरक स्पष्ट होतो.

८. साधर्म्याच्या मर्यादा

अवयव आणि केसाचा ग्राफ्ट यांत साधर्म्य आहे, तसे मूलभूत भेदही आहेत. मूत्रपिंडात रक्तवाहिन्या जोडल्या की क्षणार्धात रक्त खेळू लागते आणि त्याच क्षणी प्राणवायूच्या पुनरागमनामुळे इजा होण्याचा धोका असतो. केसाच्या ग्राफ्टला पहिले काही दिवस सभोवतालच्या द्रवातून झिरपणाऱ्या पोषणावर गुजराण करावी लागते. रक्तवाहिन्या नंतर हळूहळू जोडल्या जातात. त्याचे आकारमान अत्यंत लहान असल्यामुळे द्रावणातून होणाऱ्या देवघेवीचा लाभ त्याला मोठ्या अवयवापेक्षा अधिक मिळतो. केशमूळ मुळातच चिवट आहे. मायकेल फिलपॉट व सहकाऱ्यांनी १९९० साली माणसाचे सुटे केशमूळ योग्य पोषक माध्यमात ठेवल्यास शरीराबाहेरही काही दिवस वाढत राहते, हे दाखविले.

लहान आकाराचा तोटाही आहे. ग्राफ्ट फार झपाट्याने सुकतो. ब्राझीलचे मार्सेलो गांडेलमन व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासात ग्राफ्टला मुद्दाम निरनिराळ्या प्रकारे इजा करून पाहिली, तेव्हा सुकणे हे विशेष घातक असल्याचे आढळले. टोरांटोचे डेव्हिड सीगर यांनी १९९७ साली ग्राफ्टच्या जाडीचा अभ्यास केला. भोवतालची ऊती तासून बारीक केलेले ग्राफ्ट ८९ टक्के, तर भोवतालच्या ऊतीसह ठेवलेले जाडसर ग्राफ्ट ११३ टक्के वाढले. शंभराहून अधिक टक्के हा आकडा विचित्र वाटेल. परंतु मोजणीच्या वेळी विश्रांतीच्या अवस्थेत असलेले, डोळ्यांना न दिसणारे केस नंतर उगवले, हे त्याचे कारण होय. या दोन्ही अभ्यासांत बदललेला घटक तापमान नव्हता. तरीही त्यांतील फरक रापोझिओ यांच्या तापमानाच्या अभ्यासातील फरकापेक्षा ठळक आहेत.

साध्या हिशोबाने हे अधिक स्पष्ट होईल. लिमर यांचे आकडे ग्राह्य धरल्यास २,००० ग्राफ्टपैकी २ तासांनी बसविल्यास सुमारे १००, तर ८ तासांनी बसविल्यास सुमारे २४० ग्राफ्ट जगणार नाहीत. म्हणजे वेळ वाचविल्याने सुमारे १४० ग्राफ्ट वाचतात. हा लाभ शीतपेटीचा नसून कामाच्या आखणीचा, हातांच्या संख्येचा व कौशल्याचा आहे.

९. भारतीय संदर्भ

येथे आपल्याकडील परिस्थितीचा एक मुद्दा नोंदविणे उचित ठरेल. युरोपातील अभ्यासात ‘खोलीचे तापमान’ असे म्हटले जाते, तेव्हा ते तेथील शस्त्रक्रियागृहाचे तापमान असते. चंद्रपूर किंवा नागपूरच्या मे महिन्यात वातानुकूलन बंद पडल्यास ‘खोलीचे तापमान’ या शब्दांचा अर्थच बदलतो. त्यामुळे थंडावा अनावश्यक आहे, असा निष्कर्ष इटलीतील अभ्यासावरून आपल्याकडे जसाच्या तसा आणणे म्हणजे उसनवारीची तीच चूक उलट दिशेने करणे होय. आपल्या परिस्थितीत थंडावा हा विम्याचा हप्ता मानावा. तो स्वस्त आहे, आणि ग्राफ्ट गोठू न दिल्यास त्याचा धोकाही कमी आहे. मात्र पाणी गोठले की बर्फाचे स्फटिक पेशींना इजा करतात. म्हणून ग्राफ्ट थेट बर्फावर ठेवणे आणि थंड द्रावणात ठेवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

परंतु विम्याचा हप्ता भरला म्हणून गाडी बेदरकारपणे चालविता येत नाही. जाहिरातींतून जतनाच्या द्रावणाचा वा शीतयंत्राचा गवगवा होतो, तेव्हा रुग्णाचे लक्ष यंत्राकडे वळते. ग्राफ्ट किती वेळ बाहेर राहणार, तो कोण हाताळणार, तो सतत ओला राहील याची काळजी कोण घेणार, हे प्रश्न मागे पडतात. उपलब्ध पुरावा मात्र याच प्रश्नांना अग्रक्रम देतो.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

(१) सुटी ऊती थंड ठेवण्याची कल्पना त्वचारोपणात रुजली, अवयवरोपणात शास्त्रशुद्ध झाली आणि तेथून केशरोपणात आली.
(२) केशरोपणात तिची गरज ग्राफ्ट लहान व संख्येने अनेक झाल्यामुळे, म्हणजेच शरीराबाहेरील वेळ वाढल्यामुळे निर्माण झाली.
(३) लिमर यांची आकडेवारी वेळेचा परिणाम दर्शविते. ती थंडाव्याचा स्वतंत्र पुरावा म्हणून वापरणे तर्कदृष्ट्या योग्य नाही.
(४) काही तासांच्या मर्यादेत थंडाव्याचा लाभ अल्प, तर दीर्घ कालावधीत योग्य द्रावणासह तो महत्त्वाचा दिसतो.
(५) सुकण्यापासून बचाव, हळुवार हाताळणी व अल्प वेळ या गोष्टींना तापमानापेक्षा अग्रक्रम द्यावयास हवा.

११. समारोप

कॅरेल यांच्या धमन्यांपासून आजच्या शीतपेटीतील ग्राफ्टपर्यंतचा हा प्रवास सुमारे शंभर वर्षांचा आहे. या प्रवासात कल्पना एका शाखेतून दुसऱ्या शाखेत गेली. पण तिच्यासोबत तिचा पुरावा आपोआप गेला नाही. तो नव्या ठिकाणी नव्याने मिळवावा लागतो. हे तत्त्व केवळ वैद्यकापुरते सीमित नाही. सामाजिक शास्त्रांत आपण परकीय सिद्धान्त स्वीकारतो, शिक्षणात इतरत्र यशस्वी झालेल्या मूल्यमापनाच्या पद्धती आणतो, तेव्हाही मूळ ठिकाणचे आकडे आपल्या बाजूने उद्धृत करतो. त्या आकड्यांनी नेमके काय मोजले होते, हे विचारण्याची शिस्त इतिहास लावू शकतो. विज्ञान व मानव्यविद्या या दोन्ही शाखांच्या अध्यापकांनी एकत्र बसून विचार करावा, असे बरेच प्रश्न या छोट्याशा भांड्यातल्या ग्राफ्टमध्येही सामावलेले आहेत.